‘दुःखद वारसा’ : चित्र, चित्राचे नाव आणि शुभवर्तमान

धर्मशिक्षणात चित्रांचा उपयोग करण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांत जुनी आहे. उत्तम मेंढपाळ, उधळ्या पुत्र, लेकरांना जवळ घेणारा प्रभू, ही चित्रे शब्बाथशाळांच्या भिंतींवर पिढ्यान्पिढ्या टांगलेली आहेत. तथापि चित्र कसे वाचावे याचे शिक्षण पाळकांना व धर्मशिक्षकांना क्वचितच मिळते. बहुधा आपण चित्राखालचे नाव वाचतो, आणि नावात जे सांगितले आहे तेच मग चित्रात पाहतो. नाव खरे असेल तर यात फारसे बिघडत नाही. परंतु नाव चुकीचे असेल, आणि त्या चुकीचा भार एखाद्या निरपराध लेकरावर पडत असेल, तर काय करावे? प्रस्तुत लेखात अशाच एका चित्राचा विचार करावयाचा आहे.

स्पॅनिश चित्रकार होआकिन सोरोया (१८६३–१९२३) याने हे चित्र १८९९ साली आपल्या जन्मगावच्या, म्हणजे व्हॅलेन्सियाच्या, समुद्रकिनाऱ्यावर रंगविले. त्याचे नाव ‘दुःखद वारसा’. भूमध्य समुद्राच्या काठी स्नानाला आलेली अपंग मुले आणि त्यांना सांभाळणारा एक संन्यस्त बंधू, एवढाच त्याचा विषय आहे. पांढुर्णा व सौसर या भागांतील सेवकांनी अशा दूरदेशीच्या चित्राकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. व्हॅलेन्सिया हा संत्र्यांच्या बागांचा प्रदेश आहे आणि आपलाही तसाच आहे. पण एवढे साम्य पुरेसे नाही. खरे कारण असे की, या चित्राच्या नावात जो समज दडलेला आहे तोच आपल्या गावांतही नांदतो, आणि सांगावयास खेद वाटतो की, तो आपल्या ख्रिस्ती घरांतही नांदतो. घरात पांगळे, आंधळे किंवा वरचेवर आजारी पडणारे मूल असले की ओसरीवर कोणीतरी हळूच म्हणते, “कोनाचं पाप फेडून राह्यलं हे पोरगं?” आईबाप त्या मुलाला घेऊन नागपूरच्या इस्पितळात जातात, कोणी जामसावळीच्या मारुतीला नेतात, कोणी शेवटी पाळकाच्या दारी येतात. दार कोणतेही असो, ओठांवर प्रश्न तोच असतो. त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो यावर त्या घराची शांती अवलंबून असते.

१. नित्य जीवनातील मुलांची चित्रे

युरोपीय चित्रकलेत देवदेवता, राजे, संत व युद्धे यांच्या चित्रांबरोबरच सामान्य माणसांच्या नित्य जीवनाची चित्रे काढण्याचा एक प्रकार रूढ आहे. बाजार, स्वयंपाकघर, खेळणारी मुले, कोळी, धोबिणी हे त्याचे विषय. भूमध्य सागराभोवतीच्या देशांत या प्रकाराला विशेष बहर आला. मुलांच्या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध नाव सेव्हिल नगरीचा चित्रकार मुरियो (१६१७–१६८२) याचे होय. सध्या म्युनिक येथे असलेल्या त्याच्या एका चित्रात फाटक्या कपड्यांतील दोन अनवाणी मुले बसली आहेत. एक जण द्राक्षांचा घोस तोंडावर उंच धरून खातो आहे आणि दुसऱ्याचा गाल खरबुजाच्या फोडीने फुगला आहे. चित्र पाहून कोणालाही हसू येते, आणि ते यावे हीच चित्रकाराची इच्छा आहे.

तथापि टीकाकाराने येथे थोडे थांबावयास हवे. १६४९ च्या प्लेगने सेव्हिलमध्ये भयंकर संहार केला होता. ही मुले रस्त्यावरची आहेत. त्यांच्यामागे घर नाही व आई नाही. मुरियोची अशी अनेक चित्रे परदेशी धनिकांनी घेतली आणि ती त्यांच्या दिवाणखान्यांत गेली. मुलांच्या हसऱ्या चेहऱ्यांमुळे त्यांची भूक गोड वाटू लागते, आणि पाहणाऱ्याला काही करावेसे वाटण्याऐवजी समाधान वाटते. मुरियो स्वतः भाविक होता आणि त्याच्या कुंचल्यात ममता आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु नित्य जीवनातील चित्राचा हा एक धोका आहे की, दारिद्र्य सुंदर दिसले म्हणजे ते सुसह्य आहे असे आपण धरून चालतो. ते सुसह्य आहे असे पाहणाराच ठरवितो. त्या मुलांना कोणी विचारलेले नसते.

सोरोयानेही अशी आनंदाची चित्रे पुष्कळ काढली. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात ‘किनाऱ्यावरील मुले’ हे त्याचे १९१० चे चित्र आहे. तीन उघडी मुले ओल्या वाळूवर पालथी पडली आहेत. अंगावरचे पाणी उन्हात चकाकते आहे. चित्रात आकाश नाही, क्षितिज नाही, फक्त पाणी, वाळू, ऊन आणि देह आहेत. जाम किंवा कन्हान नदीच्या काठी उन्हाळ्यात डुंबून वाळूत लोळणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला या चित्राचा अर्थ सांगावा लागत नाही.

‘दुःखद वारसा’ हे चित्र याच समुद्राचे, याच उन्हाचे, आणि याच वयाच्या मुलांचे आहे. फरक मुलांच्या देहांत आहे.

२. चित्रात काय दिसते

चित्र मोठे आहे. सुमारे सात फूट उंच व साडेनऊ फूट रुंद. वरच्या भागात गडद निळा समुद्र आहे. काठावर व पाण्यात अनेक उघडी मुले आहेत. काहींच्या हातांत कुबड्या आहेत. मध्यभागी एक मुलगा कुबड्यांवर भार देऊन पाण्याकडे निघाला आहे. त्याचे पाय काटकुळे झाले आहेत. त्याच्याशेजारी काळ्या झग्यातील बंधू उभा आहे आणि त्याचा हात त्या मुलाला आधार देतो आहे. बहुतेक मुलांचे चेहरे नीट दिसत नाहीत. माना खाली झुकलेल्या आहेत. मागे काही मुले पाण्यात उतरलेली आहेत.

हा प्रसंग कल्पनेतला नाही. सोरोयाने सांगितलेली हकीगत अशी की, तो किनाऱ्यावर कोळी लोकांची चित्रे काढीत असता दूरवर उघडी मुले व त्यांची राखण करणारा बंधू त्याला दिसला. मुले संत हुआन दे दिओस यांच्या नावाच्या आश्रमातील होती. ग्रानादा येथे १५५० साली निधन पावलेल्या या संताने रस्त्यावरील रुग्णांना उचलून आणून त्यांची सेवा केली, आणि त्याच्यामागे त्याच्या अनुयायांचा रुग्णसेवा करणारा संघ उभा राहिला. सोरोयाने आश्रमाच्या प्रमुखांची परवानगी मिळविली व किनाऱ्यावरच चित्रास आरंभ केला. अंध, पांगळी, मनाने दुबळी, कुष्ठरोगी अशी ही मुले होती, असे त्याने म्हटले आहे. व्हॅलेन्सियाच्या परिसरात काही वर्षांपूर्वी पोलिओची साथ येऊन गेली होती, आणि कुबड्या घेतलेल्या मुलांत त्या रोगाची चिन्हे वैद्यांनी ओळखली आहेत.

या चित्रकाराचे स्वतःचे बालपणही येथे लक्षात घेतले पाहिजे. १८६५ च्या पटकीच्या साथीत तो दोन वर्षांचा असताना त्याचे आईवडील दोघेही वारले. मावशी व तिच्या यजमानांनी त्याला वाढविले. आईबाप नसलेल्या मुलांकडे तो परक्याच्या नजरेने पाहत नव्हता.

चित्राला १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक आणि १९०१ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात सन्मानपदक मिळाले. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि न्यूयॉर्कच्या ‘चर्च ऑफ द असेन्शन’ या मंडळीकडे दीर्घकाळ राहिले. १९८१ साली व्हॅलेन्सियाच्या एका बचत पेढीने ते विकत घेतले व ते आपल्या गावी परतले. संग्रहालयाच्या दालनाऐवजी इतका काळ ते एका मंडळीच्या छायेत होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. भक्तीला आलेल्या माणसांनी त्याखालचे नाव वाचून काय समजून घेतले असेल, हा विचार मनातून जात नाही.

३. नाव काय सांगते

सोरोयाच्या मनात आधी ‘सुखविलासाची मुले’ असे नाव होते, आणि ‘दुःखद वारसा’ हे नाव त्याचा मित्र, कादंबरीकार ब्लास्को इबान्येस याने सुचविले, असे सांगितले जाते. दोन्ही नावांचा रोख एकच आहे. बापाचा व्यभिचार, बापाची दारू, बापाचा गुप्तरोग यांचे फळ म्हणजे ही मुले, असा तो रोख होय. त्या काळच्या सुशिक्षित समाजात हा विचार शास्त्रीय मानला जात असे. धर्मोपदेशकांनाही तो सोयीचा होता, कारण दुर्वर्तनाविरुद्ध बोलताना बोट दाखविण्यास एक मूर्तिमंत उदाहरण मिळत असे.

वस्तुस्थिती काय होती? मातेच्या उदरातच बालकाला होणारे काही रोग आहेत, हे खरे. परंतु पोलिओ त्यांपैकी नाही. १९०८ साली, म्हणजे चित्रानंतर नऊ वर्षांनी, कार्ल लान्डश्टायनर व एर्विन पॉपर यांनी व्हिएन्ना येथे दाखवून दिले की, या रोगाचे कारण गाळणीतूनही निसटणारा एक अतिसूक्ष्म विषाणू आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून तो पुण्यवानाच्या घरीही शिरतो आणि पाप्याच्याही. आपल्या देशात लसीकरणाच्या अखंड परिश्रमांनंतर १३ जानेवारी २०११ रोजी शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. बापाच्या पापाचा तो दंड असता, तर दोन थेंब लसीने तो टळला नसता. चित्रातल्या कुबड्या घेतलेल्या मुलाच्या बापावर शंभर वर्षे जो आरोप टांगला गेला, त्याला आधार नव्हता.

तथापि नावातील चूक केवळ वैद्यकाची असती तर या पृष्ठांत तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. ती ईश्वरविज्ञानाची चूक आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की, हा असा जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. आपण हे वचन अनेकदा वाचतो. पण हाच प्रश्न त्या अध्यायात पुन्हा एकदा येतो याकडे आपले लक्ष जात नाही. चौतिसाव्या वचनात परूशी त्या डोळस झालेल्या मनुष्याला, तू सर्वस्वी पापात जन्मलेला आहेस, असे सुनावून सभास्थानाबाहेर घालवितात. शिष्यांचा प्रश्न आणि परूशांचा निकाल एकाच गृहीतावर उभे आहेत. शिष्य सौम्य शब्दांत विचारतात, परूशी कठोर शब्दांत ठरवितात, एवढाच भेद. सोरोयाच्या चित्राचे नाव सहानुभूतीने दिलेले असले, तरी ते याच रांगेत बसते. नाव वाचताच आपली नजर मुलांवरून निघून चित्रात नसलेल्या बापांकडे जाते, आणि मूल आपल्यापुढे असूनही दिसेनासे होते.

येथे तिसऱ्या वचनातील एक अडचण टाळून चालणार नाही. देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून, असे प्रभूचे उत्तर आहे. मग देवाने आपला महिमा दाखविण्यासाठी एका बालकाला अंध केले काय? दुःखी आईबापांना हे उत्तर आरोपाहून कमी क्रूर वाटणार नाही. मूळ ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. त्यामुळे काही भाष्यकार या शब्दांचा संबंध मागील वाक्याऐवजी पुढील वचनाशी जोडतात. तसे वाचल्यास अर्थ असा होतो : याने पाप केले नाही व याच्या आईबापांनीही नाही, आता देवाची कार्ये याच्यात प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर आपल्याला काम केले पाहिजे. हे वाचन सर्वांना मान्य नाही. परंतु पुढे जे घडते ते त्याला अनुकूल आहे. प्रभू कारणांची चर्चा तेथेच सोडतो, वाकतो, माती कालवतो आणि त्या मनुष्याला शिलोहाच्या तळ्याकडे पाठवितो. ‘का झाले’ या प्रश्नाच्या जागी ‘आता काय करावयाचे’ हा प्रश्न येतो.

४. कुंचला नावापेक्षा खरा

आता पुन्हा चित्राकडे वळू. नाव झाकले, तर चित्र आपल्याला काय सांगते? त्यात कोठेही बाप नाही. दारूचा पेला नाही, जुगाराचा पट नाही, पापाची एकही खूण नाही. पाण्याकडे निघालेली मुले आहेत आणि एक आधाराचा हात आहे. दहा वर्षांनंतर निरोगी मुलांच्या पाठीवर जे ऊन सोरोयाने रंगविले, तेच ऊन येथे वाकड्या पाठींवर पडले आहे. त्याने या मुलांसाठी वेगळा, मळकट प्रकाश वापरला नाही. चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच सूर्य उगविणाऱ्या पित्याविषयी प्रभूने डोंगरावर जे शिकविले, त्याचे याहून उघड चित्र शोधून सापडणार नाही. ज्याने हे नाव दिले त्याने आरोप केला. ज्याने हे ऊन रंगविले त्याने आरोप केला नाही. या दोहोंत निवड करावयाची झाल्यास मी कुंचल्यावर विश्वास ठेवीन.

तरीही चित्र निर्दोष आहे असे नव्हे. मुलांना चेहरे जवळजवळ नाहीत. म्हणून त्यांना नावेही असावीत असे वाटत नाही. उभा, सशक्त, वस्त्र परिधान केलेला एकच मनुष्य आहे, आणि बाकीचे उघडे व वाकलेले आहेत. दया करणारा आणि दयेचा विषय, अशी विभागणी पक्की होते. ही मुले पुढे काय होणार, ती काही शिकणार आहेत काय, कोणावर माया करणार आहेत काय, याचा मागमूस चित्रात लागत नाही. मुरियोची मुले फार हसतात हा जर त्याचा दोष, तर सोरोयाची ही मुले एकदाही हसत नाहीत हा याचा दोष. अपंग मुलांच्या सहवासात ज्याने काही दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते की, ती भांडतात, चिडवितात, खोड्या करतात आणि पाण्यात उतरली की किंचाळून हसतात.

याच काळात आपल्या भाषेच्या प्रदेशात काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने सांगाडे झालेल्या मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींना लिहिणे-वाचणे व हाताचे उद्योग शिकविले. तेथे अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली. रमाबाईंनी या मुलींच्या मागे वळून त्यांचा वारसा तपासला नाही; त्यांच्या पुढचा काळ त्यांच्या हाती दिला. सोरोयाच्या चित्रातील बंधूचा हात मुलाला पाण्यापर्यंत नेतो, आणि ते थोर काम आहे. रमाबाईंनी मुलींच्या हातात पुस्तक व हत्यार दिले. चित्रात जे उणे आहे ते हेच.

५. एक आक्षेप

एखादा अनुभवी पाळक येथे म्हणेल, “आपण पापाच्या परिणामांचे गांभीर्य कमी करीत आहात. बापाच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होते, असे निर्गमाच्या विसाव्या अध्यायातच आहे. बाप दारू पितो तेव्हा लेकरे उपाशी झोपतात, हे आम्ही रोज पाहतो.” आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. माझ्या मते येथे तीन गोष्टींची गल्लत होते : परिणाम, वारसा आणि अपराध.

परिणाम मुलांवर होतात, हे निर्विवाद आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडील मुले तान्हा पोळा साजरा करतात, लाकडी बैल सजवून घरोघर मिरवितात. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड व त्यावर झेंडा रोवला जातो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार होते. नदी ओलांडून जाऊ पाहणाऱ्या एका प्रेमी युगुलाची जुनी कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी माणसे जखमी होतात आणि काही वेळा प्राणही गेले आहेत. आज गोटा लागून ज्याचा डोळा जातो, त्या पोराने त्या जुन्या भांडणात काय अपराध केला होता? काहीही नाही. आधीच्यांनी चालू केलेले त्याच्या कपाळी आले. परिणाम हा असा असतो. निर्गमातील वचन त्याचीच भीषण जाणीव करून देते, आणि ती बापांना द्यावयाची आहे, मुलांना नव्हे. शिवाय पुढचेच वचन हजारो पिढ्यांवरील दयेचे आहे, ते आपण बहुधा वाचीत नाही.

वारसा ही दुसरी गोष्ट. सिकलसेल हा रोग विदर्भात व छिंदवाड्याच्या परिसरात अनेक घरांना परिचित आहे. तो खरोखरच वारशाने येतो. आईकडून व वडिलांकडून, दोघांकडूनही तो गुण आला तरच मूल रोगी होते; दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. उलट या गुणामुळे घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला. म्हणजे ज्याला शाप म्हणतात तो एके काळी पूर्वजांना जगविणारा गुण होता. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणी होते, परंतु त्यानंतर घरात काय बोलले जाते? “हिच्या माहेरचं रगत खराब,” असे म्हणून सारा दोष सुनेच्या माथी मारला जातो. मुलाच्या रक्तात निम्मा भाग बापाचा आहे हे सोयीस्करपणे विसरले जाते. येथे वारसा आहे, पण पाप मुळीच नाही. विवाहाची घोषणा करण्यापूर्वी तरुण-तरुणींना तपासणीचा सल्ला देणे हे आज पाळकाचे कर्तव्य आहे. परंतु त्याच तोंडाने शापाची भाषा बोलली गेली, तर लोक तपासणीला जाणार नाहीत. जो शापित ठरण्यास भितो तो आपले रक्त दाखवीत नाही.

अपराध ही तिसरी गोष्ट, आणि ती वारशाने येत नाही. यहेज्केलाच्या काळी बाबेलातील बंदिवासात लोकांत एक म्हण चालू होती : बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात आंबले ते मुलांचे. अठराव्या अध्यायात संदेष्टा ही म्हण इस्राएलात पुन्हा उच्चारू नये असे परमेश्वराच्या नावाने बजावतो. प्रत्येक जीव परमेश्वराचा आहे, आणि ज्याचा त्याचा हिशेब वेगळा आहे. आदिपापाचा मंडळीचा सिद्धान्त याच्या आड येत नाही. तो सर्व मानवांना एका पंगतीत बसवितो. एका मुलाला उठवून, तू अधिक पापाचे फळ आहेस, असे म्हणण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

तेव्हा आक्षेपकाला उत्तर असे : बापाला त्याच्या वागण्याचे परिणाम अवश्य सांगावेत, आईबापांना वारशाचे ज्ञान अवश्य द्यावे, परंतु लेकराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ‘दुःखद वारसा’ हे नाव या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबते, म्हणून ते घातक आहे.

६. धर्मशिक्षणात या चित्राचा उपयोग

हे चित्र वर्गात दाखवावे असे मला वाटते, परंतु काळजीपूर्वक. प्रथम नाव सांगू नये. मुलांना काय दिसते ते मुलांनाच सांगू द्यावे : किती जण आहेत, ऊन कोणाकोणावर पडले आहे, बंधूचा हात कोठे आहे. मोठ्यांपेक्षा मुले अधिक नेमके पाहतात. त्यानंतर नाव सांगून, ते योग्य वाटते काय, असे विचारावे. मग योहानाचा नववा अध्याय संपूर्ण वाचावा, केवळ पहिली तीन वचने नव्हे. त्या मनुष्याला सभास्थानाबाहेर घालविल्यावर प्रभूने त्याला शोधून काढले, तेथपर्यंत वाचावा. शक्य झाल्यास १९१० चे चित्र शेजारी ठेवावे, म्हणजे दोन्ही चित्रांत ऊन एकच आहे हे मुलांच्या ध्यानात येईल. वर्गात अपंग वा दीर्घ आजारी मूल असल्यास त्याला व त्याच्या आईबापांना आधी विचारावे. त्यांची इच्छा नसेल तर चित्र दाखवू नये. आपल्या पाठापेक्षा ते मूल मोठे आहे.

प्रौढांच्या सभेत मात्र एक प्रश्न अधिक विचारावा. आपल्या मंडळीतील अशा मुलांना आपण कोणत्या नावाने ओळखतो? लंगड्या, आंधळी, वेडा, ‘ते आजारी पोर’, हीदेखील चित्राखालची नावेच आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकाने ज्या नावाने हाक मारली, ते नाव मंडळीच्या तोंडी आहे काय?

शेवटी आपल्याच बागांतील एक गोष्ट. पांढुर्णा-सौसरकडचा शेतकरी संत्र्याचे झाड बहुधा बियांपासून करीत नाही. जंबेरीच्या खुंटावर तो संत्र्याचा डोळा बांधतो. जंबेरी आंबट, तिचे फळ कोणी बाजारात नेत नाही. परंतु जमिनीतून पाणी ओढून झाड जगविते ती जंबेरीची मुळी, आणि फांदीवर येते ते गोड संत्रे. खुंट कोणता होता यावरून बागाईतदार फळाला दोष देत नाही. त्याला कलमाचे काम ठाऊक असते. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रानटी जैतुनाच्या फांद्या कलम होण्याविषयी लिहितो, आणि मुळाचा गर्व किंवा फांदीचा तिरस्कार या दोहोंपासून सावध करतो. जो ख्रिस्ताठायी जोडला गेला त्याचा वारसा मागे शोधावयाचा नसतो. आपल्यापैकी कोणाच्या दारी उद्या असे मूल आणले गेले, तर त्याच्या आईने विचारण्याआधीच आपण तिला सांगावे की, याने पाप केले नाही आणि तूही नाहीस. आणि मग त्या बंधूप्रमाणे हात पुढे करावा.